काकाचा गुडघा, पुतण्याचा गुडघा

गेल्या दीड वर्षात आमच्या घरातले दोन गुडघे गेले. एक माझा, वय 46, पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारचं बॅडमिंटन खेळताना. दुसरा माझ्या पुतण्याचा, वय 19, वाळवा तालुक्यात गावच्या मैदानावर कबड्डी खेळताना. दोघांच्या एमआरआय रिपोर्टात शब्द तोच, मेनिस्कस टेअर, म्हणजे आपल्या भाषेत "गादी फाटली". आणि गंमत बघा, मला सगळे म्हणत होते ऑपरेशन करून मोकळा हो, आणि त्याला सगळे म्हणत होते मालिश कर, जाईल. दोन्ही सल्ले बरोब्बर उलटे होते. मी बँकेत नोकरी करतो, डॉक्टर नाही, पण या दीड वर्षात एवढं वाचलंय आणि एवढ्या वेटिंग रूममध्ये बसलोय की आता ऑफिसात आठवड्याला एकजण तरी गुडघा घेऊन माझ्या टेबलावर येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो आणि लिंक पाठवतो.

माझं आधी. 19-17 ने आम्ही पुढे होतो, समोरच्याने नेटजवळ अलगद ड्रॉप टाकला, मी मागून धावत आलो आणि उजवा पाय पुढे टाकून लंज मारला. पाय जमिनीला चिकटला आणि वरचं सगळं वजन (तेव्हा 86 किलो) त्या पायावर गर्रकन फिरलं. आतून टक् झालं, कानाला नाही, हाडाला ऐकू आलं असं म्हणा. शटल उचललं, पॉइंट मिळाला. मग साहेबांनी काय करावं तर गेम पूर्ण केला, खाली जाऊन चहा-वडापाव खाल्ला आणि लिफ्ट बंद होती म्हणून चार मजले चढून घरी आले. रात्री थोडं अवघडल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही. सकाळी उठून बघतो तर वाटी दिसेना, वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून सगळं गोल झालेलं, पाय दुमडेना.

सूज कधी आली हे लक्षात ठेवा, डॉक्टर बहुतेक पहिलं तेच विचारतात. मार लागल्यावर तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलेलं असण्याची शक्यता जास्त, मग एसीएल लिगामेंट (गुडघ्याच्या आत दोन हाडांना धरून ठेवणारा दोरीसारखा बंध) किंवा हाडाची शंका आधी घेतात. माझ्यासारखा रात्रभरात हळूहळू फुगला तर गादीवर संशय जातो. शंभर टक्के असंच असतं असं नाही, पण "काल खेळताना लागलं" एवढंच सांगण्यापेक्षा "दहाला लागलं, सूज दुसऱ्या दिवशी सकाळी" हे सांगितलं तर समोरच्याचं काम सोपं होतं.

आता ही गादी म्हणजे काय ते, कारण सगळा घोळ इथेच आहे. गादी म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. मटण खाणाऱ्यांनी नळीचं टोक आठवा, त्यावर पांढरी, किंचित निळसर, गुळगुळीत चकाकणारी टोपी असते ना, ती हाडावरची कूर्चा. आपल्या गुडघ्यातही मांडीच्या हाडाला, नडगीच्या हाडाला आणि वाटीच्या मागच्या बाजूला तीच असते, साधारण 2 ते 4 मिलिमीटर, वाटीच्या मागे त्याहून जाड. तिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. नस नाही म्हणून झिजायला लागली तरी सुरुवातीला कळत नाही, आणि रक्त नाही म्हणून भरूनही येत नाही. विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने 1743 मध्येच लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, आणि पावणेतीनशे वर्षांनी त्यात फारसा फरक पडलेला नाही. तिचं खाणंपिणं कसं चालतं तर सांध्यातल्या चिकट पाण्यातून. आपण पाय टेकवला की ती स्पंजसारखी दाबली जाते, उचलला की पाणी परत ओढून घेते. म्हणजे महिनाभर खाटेवर पडून "आराम" केला तर आपण तिला उपाशी ठेवतो. हे मला कळलं तेव्हा माझा आराम तीन आठवड्यांचा होऊन गेला होता आणि मांडी बोटभर बारीक झाली होती.

दुसरी गोष्ट मेनिस्कस. ओल्या खोबऱ्याची चंद्रकोरीसारखी कातळी डोळ्यासमोर आणा, बाहेरून जाड, आत पातळ होत गेलेली. अशा दोन कातळ्या प्रत्येक गुडघ्यात, दोन हाडांच्या मध्ये, एक आतल्या बाजूला एक बाहेरच्या. धक्के झेलणं आणि वजन पसरवून देणं हे यांचं काम. आतल्या बाजूची जास्त घट्ट बांधलेली असते, तिला चटकन बाजूला सरकता येत नाही म्हणून तीच जास्त वेळा फाटते. आणि महत्त्वाचं म्हणजे रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, आतल्या पातळ भागाला जवळजवळ नाहीच. त्यामुळे गादी फाटली हे निम्मंच वाक्य झालं. कुठे फाटली, कशी फाटली, कोणाची फाटली, हे तिन्ही कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही.

एक्स-रे मध्ये यातलं काहीच दिसत नाही बरं का. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणजे हाड मोडलेलं नाही एवढाच अर्थ.

मी ज्या पहिल्या डॉक्टरकडे गेलो त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी एमआरआय लिहून दिला. रिपोर्ट आला, आतल्या मेनिस्कसच्या मागच्या भागात ग्रेड 3 टेअर (म्हणजे पृष्ठभागापर्यंत गेलेली चीर), शिवाय वाटीमागच्या कूर्चेला ग्रेड 2 झीज. सहा मिनिटांत सव्वा लाखाचं एस्टिमेट हातात आणि "पुढच्या गुरुवारी स्लॉट आहे". इन्शुरन्समध्ये बसतंय म्हटल्यावर मीही जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. बायको म्हणाली, फ्रिज घेताना चार दुकानं हिंडतोस आणि गुडघा पहिल्याच दुकानात?

दुसरे डॉक्टर वयस्कर. त्यांनी रिपोर्टचं पाकीट टेबलावर तसंच ठेवलं आणि मला आधी चालायला लावलं, अर्धं बसवलं, आडवं करून पाय दुमडून फिरवून बघितला. मग विचारलं, मध्येच अडकतो का, सरळच होत नाही असं होतं का? चालताना अचानक दगा देतो का? जिना उतरताना जास्त की चढताना? अडकत नव्हता, दगा देत नव्हता, उतरताना दुखत होता. ते म्हणाले, तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या गुडघ्याचा एमआरआय काढला तरी काहीतरी फाटलेलं निघेल, केस पांढरे होतात तसं आहे ते. मला वाटलं समजूत काढतायत. घरी येऊन वाचलं तर अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या लोकांचे एमआरआय काढून 2008 साली एक अभ्यास छापून आलाय, त्यात 35 टक्के लोकांच्या गुडघ्यात गादी फाटलेली निघाली आणि त्या फाटलेल्यांपैकी 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघा दुखलाही नव्हता!

आणि दुसरा अभ्यास तर याहून भारी. फिनलंडचा, 2013. 35 ते 65 वयाचे 146 जण, सगळ्यांची आतली गादी हळूहळू विरत जाऊन फाटलेली. निम्म्यांचा फाटका भाग दुर्बिणीतून कापून काढला. उरलेल्या निम्म्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, भूल दिली, भोकं पाडली, मशीनचे आवाज केले, नेहमीच्या ऑपरेशनइतका वेळ आत ठेवलं आणि काहीही न कापता बाहेर आणलं. कोणाचं काय केलंय हे पेशंटला माहीत नाही. वर्षाने बघितलं तर दोन्ही गटांत फरक नाही, दोघांनाही सारखंच बरं वाटत होतं. हे वाचल्यावर मी गुरुवारच्या स्लॉटवाल्यांचे फोन घेणं बंद केलं.

याचा अर्थ दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे लुबाडणूक असं अजिबात नाही, पुतण्याचं पुढे सांगतोच.

माझी ट्रीटमेंट म्हणजे फिजिओ मॅडम आणि तीन महिने. पहिल्या दिवशी त्यांनी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, दाबा. मांडीचा स्नायू आवळून टॉवेल खाली दाबायचा, दहा सेकंद, सोडायचा. झालं. याचे पैसे घेता का असं तोंडावर आलं होतं पण पाचव्या वेळी मांडी थरथरायला लागली आणि मी गप्प बसलो. मग पाय सरळ ठेवून उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून शिंपल्यासारखे गुडघे उघडणं (हे करताना बायकोने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, असो). तिसऱ्या आठवड्यापासून भिंतीला टेकून अर्धी बैठक. सहाव्यापासून जिन्याची पायरी, आणि खरी मेख या पायरीतच आहे. एका पायावर उभं राहून दुसरा पाय खालच्या पायरीला अगदी हळू टेकवायचा, तीन सेकंद मोजत, आणि आरशात बघायचं की उभ्या पायाचा गुडघा आत तर पडत नाही ना. माझा पडायचा, अंगठ्याच्याही आत. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही दहा वर्षं प्रत्येक लंज असाच मारताय, गुडघा बिचारा मधल्यामध्ये भरडतोय, खरा आळशी तुमचा कुल्हा आहे. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या कुल्ह्याला आळशी म्हणणारी पहिलीच व्यक्ती.

दुखण्याबद्दल त्यांनी एक साधं माप दिलं ते फार उपयोगी पडलं. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली किंवा दुखणं कालच्यापेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं, आज कमी करा, बंद करू नका. आपल्याकडे एक तर "दुखतंय म्हणजे बंद" नाही तर "दुखलं तरी दाबून कर", मधलं काही माहीतच नाही. सहा किलो वजनही कमी केलं. एका अभ्यासात असं मोजलंय की वजन एक किलोने कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. म्हणजे माझं चोवीस किलो झालं. पुण्यात मिसळ सोडणं किती अवघड आहे हे इथे लिहीत नाही.

आता पुतण्या. दिवाळीनंतरचे सामने, मंडळाने लाइट लावून मातीचं मैदान तयार केलेलं, पोरगं चढाईला गेलं. कोपरारक्षकाने घोटा धरला, हा मध्यरेषेकडे वळून झेपावला, घोटा जागेवर आणि शरीर निघून गेलं. उठायला गेला तर पाय सरळ होईना. दुखतोय म्हणून नव्हे, होतच नव्हता, जमिनीवर पाय पसरला तर गुडघ्याखालून आमटीची वाटी सरकवता येईल एवढी जागा राहायची. मैदानाबाहेर कोणीतरी जोरात ओढून बघितला. घरी आणून वहिनींनी हळद-तेल लावून शेकला. चौथ्या दिवशी दादाचा फोन, शेजारच्या गावात एकजण झटका देऊन बसवतो म्हणे, घेऊन जातोय. मी बँकेत काउंटरवर होतो, समोर पेन्शनवाले आजोबा उभे, आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की आजोबांनी पासबुक मागे घेतलं. दादा, कोणालाही हात लावू देऊ नको त्याला, आत्ता सांगलीला ने.

कारण अडकलेला गुडघा ही वेगळीच भानगड. तरुण पोराची गादी चांगली घट्ट असते, ती झटक्यात लांबीला फाटते आणि फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्याच्या मध्ये येऊन बसते. दाराच्या बिजागरीत कापड अडकल्यावर दार ढकलत बसलं तर काय होईल, कापड फाटेल नाही तर बिजागरी तुटेल. इथे व्यायामाने, तेलाने, झटक्याने काही होत नाही, उलट प्रत्येक झटक्याला पट्टी आणखी चुरगळते आणि हाडावरची कूर्चा खरवडली जाते. जितकं लवकर तितकी ती जागेवर नेऊन टाके घालता येण्याची शक्यता जास्त. पोराचं नशीब की फाटलं बाहेरच्या कडेला, म्हणजे रक्त असलेल्या भागात, एसीएलही वाचलं होतं. दहाव्या दिवशी सांगलीत दुर्बिणीने टाके घातले.

टाक्यांनंतरचं मात्र सोपं नाही. सहा आठवडे ब्रेस, कुबड्या, नव्वद अंशाच्या पुढे गुडघा दुमडायचा नाही. म्हणजे मांडी घालून जेवण बंद, उकिडवं बसणं बंद, संडासाला प्लास्टिकची कमोड खुर्ची. फाटका तुकडा नुसता कापून काढला असता तर दीड-दोन महिन्यात मैदानात गेला असता आणि म्हणून खेळणारी पोरंच कधीकधी "कापून टाका" म्हणतात. याचा मित्रही म्हणत होता. मी पुतण्याला आमच्या वडिलांच्या मित्राकडे, नानांकडे घेऊन गेलो. नाना एके काळचे तालुक्यातले नावाजलेले चढाईपटू, चाळीस वर्षांपूर्वी त्यांची अख्खी गादी काढून टाकलेली, तेव्हा तीच पद्धत होती. फेअरबँक नावाच्या डॉक्टरने 1948 मध्येच दाखवलं होतं की गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे हाडांत बदल दिसायला लागतात, पण काढणं चालूच राहिलं. नाना तीन महिन्यांत परत खेळले, चषक मिळवला, आणि पन्नाशीत पाय धनुष्यासारखे वाकडे झाले, आता सांधा बदललाय. त्यांनी पोराला काही उपदेश केला नाही, फक्त खुर्चीतून उठून दाखवलं. तेवढ्याने काम झालं.

चौथ्या महिन्यात पठ्ठ्याने लगेच गुडघ्याला बाशिंग बांधलं. गुडघा दुखत नाही म्हणजे बरा झालो. पण दुखणं थांबणं आणि पाय तयार होणं यात बरंच अंतर असतं. त्याच्या फिजिओने त्याला एका पायावर लांब उडी मारायला लावली, आधी चांगल्या, मग टाक्याच्या पायावर, आणि टेपने मोजलं. चांगल्याच्या निदान 90 टक्के यायला पाहिजे, याची 70 सुद्धा नाही. आकडा समोर दिसला की पोरं ऐकतात, आपण कितीही घसा कोरडा केला तरी ऐकत नाहीत.

हाडावरच्या कूर्चेला खड्डा पडला असेल तर त्यावरही उपचार आहेत, थोडक्यात सांगतो. खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडून रक्त वर आणायचं म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर, त्यातून भरतं ते मूळ गुळगुळीत कूर्चा नसून व्रणासारखं जाडंभरडं काहीतरी असतं. दुसरा म्हणजे आपल्याच कूर्चेच्या पेशी काढून लॅबमध्ये वाढवून परत घालायच्या, स्वीडनमधल्या डॉक्टरांनी 1994 मध्ये 23 पेशंटवर केलेलं छापलं तेव्हापासून हे चालू आहे, भारतातही होतं. पण हे तरुण माणसाच्या एका ठराविक खड्ड्यासाठी. माझ्यासारख्या सगळीकडून थोडी थोडी झिजलेल्याने त्या जाहिराती वाचून भुलू नये.

गोळ्यांचंही तेच. ग्लुकोसामाइन (कूर्चेसाठी म्हणून विकतात ती गोळी) घेतोस का हा प्रश्न मला शंभर वेळा विचारलाय. अमेरिकेत 1583 लोकांवर मोठी चाचणी झाली, 2006 ला निकाल आला, एकंदरीत पाहता नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा वेगळा फायदा नाही. आणि तेल चोळून गादीत "वंगण" उतरत नाही. चोळल्यावर बरं वाटतं हे खरं, मलाही वाटतं. नी कॅपचं पण तसंच, ऊब मिळते, धीर येतो, पण पाय फिरायचा तो फिरतोच.

मग लागूच नये म्हणून काय करायचं? माझ्या बाबतीत तीन चुका एकाच लंजमध्ये होत्या. बूट रनिंगचे, जाड टाचेचे. ते सरळ पळायला असतात, आडवं सरकायला नाही. बॅडमिंटनला पातळ गम सोलचेच पाहिजेत. दुसरं, आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी एकदम दोन तास. तिसरं, वॉर्मअप म्हणजे रॅकेट दोनदा फिरवून "चला सर्व्हिस". नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या 1892 फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक प्रयोग झाला, फिफाचा 11 प्लस नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप, त्यात पळणं, एका पायावर तोल, उड्या, मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम. ज्या क्लबांनी तो केला तिथे दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी. त्यात महागडं काहीच नाही, मॅटही लागत नाही. त्यातली उडी मारून उतरायची पद्धत मला सगळ्यात आवडली, गुडघे वाकवून, आत न पाडता, आणि मांजरासारखं आवाज न करता. धप्प आवाज आला की चुकलं.

आणि हो, "पळू नकोस, गुडघे जातील" म्हणणाऱ्यांसाठी. बरेच अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये मोजलंय, हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-कमरेच्या सांध्याची झीज 3.5 टक्के, बसून राहणाऱ्यांमध्ये 10.2, स्पर्धेत जीव तोडून पळणाऱ्यांमध्ये 13.3. पळणं आणि झीज यांचा थेट संबंध त्यावरून सिद्ध होत नाही, पण निदान सोफ्यावर बसून दुसऱ्याला सल्ला देऊ नये एवढं तरी होतं.

लागल्यावर कधी धावायचं ते एवढ्यात सांगतो: पाय अडकला, तास-दोन तासांत फुगला, चार पावलं टाकता येईनात, किंवा चालताना सारखा दगा देतोय. यातलं काहीही असेल तर वाट बघू नका, हाडांच्या डॉक्टरकडेच जा. बाकी वेळी पहिले दोन-तीन दिवस बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंच, शेक आणि चोळणं नाही, आणि सूज उतरली की टॉवेलची गुंडाळी.

पुतण्या आठव्या महिन्यात मॅटवर उतरला. एका पायाची उडी 94 टक्के आली होती. सामन्याआधी मंडळाची सात-आठ पोरं ओळीत उभी राहून आवाज न करता उड्या मारत होती आणि बाहेर बसलेली म्हातारी मंडळी हसत होती, हे काय कबड्डी का लेझीम. पहिल्या चढाईत त्याला बोनस मिळाला, दुसऱ्या चढाईत बाद झाला.

मी गेल्या गणपतीला आरतीनंतर पंगतीत मांडी घालून बसलो, उठताना हात टेकला पण उठलो. रविवारी खेळतो, ड्रॉप लांबचा असेल तर सोडून देतो, पार्टनर शिव्या घालतो. दुसरा एमआरआय काढला नाही. गादी अजून तशीच फाटलेली असणार, बघायला परत सात हजार कोण घालणार.